स्पोर्ट्स कार घेताना मॅन्युअल की ऑटोमॅटिक: माझा पाय चुकतो आहे की गाडी?

तिसरा_गिअर यांचा प्रश्न

नमस्कार. गेली अठरा वर्षे मी फक्त मॅन्युअल गाड्या चालवत आलो आहे आणि आता, बहुधा आयुष्यात एकदाच, दोन दरवाजांची स्पोर्ट्स कार घेण्याचा योग जुळून आला आहे. मनात असलेली गाडी सहा गिअरच्या मॅन्युअलमध्येही मिळते आणि आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्येही. दोन्ही गाड्या मी एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, पाठोपाठ चालवून पाहिल्या, आणि निर्णय सोपा होण्याऐवजी गोंधळ वाढला.

मॅन्युअलच घ्यायची, हे मी घरातून निघतानाच ठरवले होते. प्रत्यक्षात मात्र पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना गाडी जवळजवळ दर वेळी हिसका देत होती. ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यानंतरही इंजिनाचे फेरे लगेच खाली येत नव्हते. काटा क्षणभर वरच रेंगाळायचा आणि तेवढ्यात मी क्लच सोडलेला असायचा. गिअर खाली आणताना याच्या अगदी उलट प्रकार होता. मी टाच-चवड्याची कसरत (एकाच पायाने ब्रेक दाबत ॲक्सिलरेटरला टोला देऊन फेरे जुळवणे) सुरू करण्याआधीच इंजिन स्वतःहून रेस घेई आणि खालचा गिअर अलगद बसे. म्हणजे जे मला येते ते गाडी करू देईना, आणि जे माझ्यावर सोडले होते ते मला जमेना.

ऑटोमॅटिकमध्ये काहीही चुकले नाही. स्टिअरिंगमागचे पॅडल ओढले की गिअर पडत होता आणि वळणात दोन्ही हात स्टिअरिंगवर राहत होते. शिवाय ही गाडी शून्यापासून शंभरपर्यंत तीन दशांश सेकंदाने लवकर पोहोचते, असे विक्रेत्याने दोनदा सांगितले.

मला जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. तो हिसका माझ्या पायाचा दोष होता की गाडीचा? खाली येताना गाडीच फेरे जुळवून देणार असेल, तर त्या मॅन्युअलमध्ये मॅन्युअल असे काय उरते? आणि हा ऑटोमॅटिक ड्युअल क्लचचा (दोन क्लच आलटून-पालटून वापरणारा) नसून टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलातून इंजिनाची ताकद पुढे देणारा) आहे. स्पोर्ट्स कारमध्ये तो दुय्यम समजावा काय?

क्लचप्लेट यांचे उत्तर

माझा व्यवसाय गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करण्याचा आहे, त्यामुळे माझे मत लोखंडाच्या बाजूने झुकलेले असणार, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम तुमच्या पायाबद्दल, कारण तुम्ही विनाकारण स्वतःला दोष देत आहात. तुम्ही वर्णन केलेल्या प्रकाराला 'रेव्ह हँग' म्हणतात. जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरची केबल थेट थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या, झडपेला जोडलेली असे. पाय उचलला की झडप मिटे. आता पेडल हा केवळ एक सेन्सर आहे आणि झडप किती वेगाने मिटायची हे इंजिनाचा संगणक ठरवतो. ती एकदम मिटली तर ज्वलन क्षणभर बिघडते आणि न जळालेले इंधन एक्झॉस्टमध्ये जाते, म्हणून प्रदूषणाच्या मर्यादा पाळण्यासाठी ती मुद्दाम हळू मिटवली जाते. त्यात बहुतेक आधुनिक गाड्यांत दोन भागांचे, मध्ये स्प्रिंगा असलेले जड फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारे चाक) असते. इंजिनाची थरथर गिअरबॉक्सपर्यंत पोहोचू नये म्हणून ते बसवलेले असते, परंतु त्याच वजनामुळे फेरेही सावकाश उतरतात. काही गाड्यांत याहून एक छुपी गोष्ट सापडते: क्लचच्या तेलाच्या नळीत बारीक छिद्राची एक झडप असते, जिच्यामुळे तुम्ही पाय कितीही झटकन उचलला तरी क्लच स्वतःच्याच गतीने चिकटतो. चालकाने क्लच आपटला तरी ॲक्सल आणि गिअर वाचावेत, हा तिचा हेतू आहे. ज्याचा पाय तयार आहे त्याला मात्र आपण लोकरीचा मोजा घालून तबला वाजवतो आहोत असे वाटते.

यावर उपाय सोपा आहे. गिअर वर नेताना क्लच दाबण्याच्या किंचित आधी ॲक्सिलरेटर सोडा. क्लच अजून जोडलेला असल्यामुळे चाकेच इंजिनाला थोडे खाली ओढतात आणि मग काटा रेंगाळत नाही. जुन्या गाडीत दोन्ही पाय एकाच वेळी हलत असत. इथे उजव्या पायाला पापणी लवण्याइतका आधी निघावे लागते. दोन-तीन दिवसांत सवय होते.

आता फेरे जुळवण्याबद्दल. मॅन्युअल गाडीत ही सोय प्रथम निसानने 370 झेडमध्ये 2009 च्या सुमारास आणली, आणि आज ती अनेक मॅन्युअल स्पोर्ट्स कारमध्ये दिसते. तिच्याबद्दल एक गैरसमज मी रोज ऐकतो: तिच्यामुळे सिंक्रो (गिअर जोडण्याआधी दोन्ही भागांचे वेग घर्षणाने जुळवणारी कडी) वाचतो. तो वाचत नाही. क्लच दाबलेला असताना इंजिन कितीही रेस झाले तरी त्याचा गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टशी संबंध तुटलेला असतो. तो शाफ्ट नव्या गिअरच्या वेगाला आणण्याचे काम सिंक्रोलाच करावे लागते. फेरे जुळल्यामुळे वाचते ती क्लचची झीज, आणि टळतो तो क्लच सोडताना मागच्या चाकांना बसणारा झटका. सिंक्रो वाचवायचा असेल तर न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून, रेस देऊन, पुन्हा दाबावा लागतो, आणि एवढे कष्ट आज कोणी घेत नाही.

हे लिहिताना माझ्यासमोर एका गाडीच्या दुसऱ्या गिअरची सिंक्रोची पितळी कडी पडलेली आहे. नव्या कडीच्या आतल्या अंगाला नखाला लागतील अशा बारीक खाचा असतात. त्या तेलाचा थर कापतात आणि कडी गिअरच्या शंकूला पकडते. या कडीवर नख आरशावरून सरकावे तसे सरकते. मालकाची तक्रार एवढीच होती की दुसरा गिअर टाकताना 'कर्र' आवाज येतो. त्याला गिअर बदलायची घाई असे, आणि इंजिन थंड असतानाही ती कमी होत नसे.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: टाच-चवड्याचे कौशल्य सोडले, तर बाकी सर्व तुमच्याकडेच उरते. कोणता गिअर, कधी, किती घाईने आणि किती हळुवारपणे, हे तुम्हीच ठरवता, आणि चूकही तुमचीच असते. ही सोय बंद करण्याचे बटण आहे का ते मात्र गाडी घेण्यापूर्वी विचारा. काही गाड्यांत ती बंद करायची तर स्थिरता-नियंत्रणही पूर्ण बंद करावे लागते, जे मला शहाणपणाचे वाटत नाही.

टॉर्क कन्व्हर्टरला दुय्यम म्हणण्याचे दिवस संपले आहेत. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये कन्व्हर्टरमधले तेल सतत घुसळत राही, म्हणून इंजिन ओरडे आणि गाडी मागाहून निघे. आजच्या गिअरबॉक्समध्ये गाडी सुटल्यानंतर लवकरच कन्व्हर्टर आतल्या क्लचने घट्ट बांधला जातो आणि पुढचे सर्व काम ग्रहमालेसारख्या फिरणाऱ्या गिअरसंचांवर व क्लचच्या चकत्यांवर चालते. झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा संच 2009 मध्ये आला आणि तो मोठ्या आलिशान गाड्यांपासून स्पोर्ट्स कारपर्यंत सर्वत्र बसवला गेला. बीएमडब्ल्यूने एम3 मध्ये आधीच्या पिढीत ड्युअल क्लच दिला होता. नव्या पिढीत तो काढून हाच टॉर्क कन्व्हर्टर घेतला.

शेवटची_लॅप यांचे उत्तर

क्लचप्लेट यांच्या उत्तरात यंत्राबद्दल भर घालण्यासारखे फारसे नाही. परंतु विक्रेत्याच्या त्या तीन दशांश सेकंदांबद्दल बोलले पाहिजे, कारण बहुतेक लोक तिथेच फसतात.

वर एम3 चा उल्लेख आला आहे, तीच गाडी घ्या. सध्याच्या पिढीच्या सुरुवातीच्या आकड्यांनुसार मॅन्युअल एम3 शून्यापासून शंभरपर्यंत 4.2 सेकंदांत आणि ऑटोमॅटिक असलेली 'कॉम्पिटिशन' आवृत्ती 3.9 सेकंदांत जाते. फरक बरोबर तीन दशांशांचा आहे. परंतु मॅन्युअलचे इंजिन 480 अश्वशक्ती आणि 550 न्यूटन-मीटरचे आहे, तर ऑटोमॅटिकचे 510 अश्वशक्ती आणि 650 न्यूटन-मीटरचे. ही तुलना दोन गिअरबॉक्सची नाहीच. दोन वेगवेगळ्या ताकदीच्या गाड्यांची आहे. तुमच्या गाडीतही असे काही आहे का, हे माहितीपत्रकाच्या बारीक अक्षरांत पाहून घ्या.

जिथे इंजिन तेच असते तिथेही फरक उरतो, हे मान्य केले पाहिजे. पोर्शच्या 911 जीटी3 च्या 992 पिढीत ड्युअल क्लचसह 3.4 सेकंद लागतात आणि मॅन्युअलसह 3.9, आणि तेही मॅन्युअल गाडी 17 किलोंनी हलकी असताना. कारण उघड आहे. ड्युअल क्लचमध्ये विषम गिअर एका शाफ्टवर आणि सम गिअर दुसऱ्या शाफ्टवर असतात. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच जोडून तयार असतो आणि फक्त एका क्लचने सोडायचे व दुसऱ्याने धरायचे, एवढेच बाकी असते. चाकांना मिळणारी ओढ तुटतच नाही. मॅन्युअलमध्ये माणूस कितीही चपळ असला तरी गाडी काही क्षण नुसतीच वाहत राहते, आणि इंजिन टर्बोचे असेल तर तेवढ्यात बूस्टही (टर्बोने दिलेला हवेचा दाब) खाली येतो. जाता जाता सांगतो, ड्युअल क्लचही अंतर्यामी नाही. तुम्ही वेग वाढवत असता म्हणून त्याने वरचा गिअर तयार ठेवलेला असतो, आणि तुम्ही अचानक खालचा मागितला तर त्याला आधी ती तयारी मोडावी लागते. ट्रॅकवर हा विलंब कधीमधी जाणवतो.

या स्पर्धेचा निकाल तसा जुनाच आहे. फेरारीने 1989 मध्ये फॉर्म्युला वनच्या गाडीत स्टिअरिंगमागे पॅडल बसवले आणि नायजेल मॅन्सेलने ती गाडी पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, जिंकून दाखवली. 1997 मध्ये तीच कल्पना एफ355 मधून रस्त्यावर आली आणि 2009 च्या 458 मध्ये मॅन्युअलचा पर्यायच उरला नाही. पोर्शनेही 2013 ची जीटी3 फक्त ड्युअल क्लचमध्ये आणली होती. तिच्या चाहत्यांनी एवढा गिल्ला केला की 2016 मध्ये 991 गाड्यांपुरती, फक्त मॅन्युअल अशी 911 आर निघाली आणि 2017 मध्ये जीटी3 मध्येही मॅन्युअल परतला. वेगाच्या कारणाने तो परतलेला नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे.

मी स्वतः ट्रॅकवर सात वर्षे मॅन्युअल चालवली आणि एका सकाळी तिसऱ्यावरून चौथा टाकायच्या ऐवजी दुसरा टाकला. मूठ आवळून गिअर ओढला होता. हात जरासा डावीकडे गेला आणि दांडा नको त्या खाचेत बसला. तिसऱ्यात इंजिन सात हजारांवर होते, म्हणजे दुसऱ्यात ते सुमारे दहा हजारांवर गेले असणार. अशा वेळी फेरे मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही, कारण तो फक्त इंधन तोडतो, आणि इथे इंजिनाला इंधन नव्हे तर चाके फिरवत असतात. मी क्लच लगेच दाबला, तरीही दोन व्हॉल्व्ह वाकले. तेव्हापासून मी तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना मूठ आवळत नाही. तळहात उघडा ठेवून दांडा बोटांनी सरळ मागे ओढतो आणि डावी-उजवी बाजू स्प्रिंगवर सोपवतो. संगणकाच्या ताब्यातला कोणताही गिअरबॉक्स हा वेडेपणा करू देत नाही.

एवढे होऊनही मी पुढची गाडी मॅन्युअलच घेतली, पण तिचे इंजिन लहान, बिनटर्बोचे आणि जास्त फेऱ्यांपर्यंत जाणारे आहे. कारण माझ्या मते आजच्या शक्तिमान मॅन्युअल गाड्यांचे खरे दुखणे गिअरची लांबी हे आहे. गाडीचा दुसरा गिअर ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जात असेल, तर सार्वजनिक रस्त्यावर कायद्यात राहून तुम्ही इंजिन पूर्ण फिरवून गिअर बदलणार तो एकदाच, पहिल्यावरून दुसऱ्यावर, आणि नेमका तिथेच तुम्हाला हिसका बसतो आहे. मग उरलेले चार गिअर कशासाठी वाहायचे? पोर्शने 2023 मध्ये 911 एस/टी काढली तेव्हा हलका क्लच आणि आखूड गिअर दिले, ते याच दुखण्यावरचे औषध होते.

डावा_गुडघा यांचे उत्तर

माझ्या नावावरून कल्पना आली असेलच. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मला मॅन्युअल सोडावी लागली, त्यामुळे माझी निवड माझी नव्हती. तरीही दोन्ही प्रकारच्या ऑटोमॅटिकचा अनुभव असल्याने चार ओळी लिहितो.

पहिली गाडी ड्युअल क्लचची होती. मोकळ्या रस्त्यावर तिच्यासारखी गाडी नव्हती. परंतु चढावर वाहनांच्या रांगेत इंचाइंचाने सरकताना ती थरथरत असे, कारण तिथेही शेवटी क्लचच असतो आणि तो अर्धवट धरून ठेवणे त्यालाही आवडत नाही. एकदा क्लच तापल्याची सूचना पडद्यावर आली आणि मला रांगेतून बाजूला होऊन थांबावे लागले. सध्याची गाडी टॉर्क कन्व्हर्टरची आहे. अशा ठिकाणी ती शांतपणे सरकते आणि गिअर बदलण्यातला फरक मला तरी रस्त्यावर कधी जाणवला नाही.

एक सूचना मात्र करतो. ऑटोमॅटिक चालवून पाहताना ती डी मध्ये, म्हणजे गिअर आपोआप बदलू देत, ठेवून मत बनवू नका. इंधन वाचवण्यासाठी ती साठच्या वेगातच वरच्या गिअरांत जाऊन बसते, आणि मग वळणापूर्वी जागी होईपर्यंत वळण निघून गेलेले असते. गिअर पॅडलने, पूर्णपणे स्वतः बदलून पाहा, आणि लाल रेषेला (इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला) पोहोचल्यावर ती तुम्हाला न विचारता वरचा गिअर टाकते की तिथेच थांबून राहते, हे तपासा. माझ्या मते स्पोर्ट्स कारच्या ऑटोमॅटिकची खरी परीक्षा तीच आहे.

तिसरा_गिअर यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. काल दोन्ही गाड्या पुन्हा चालवल्या.

क्लचप्लेट यांनी सांगितल्याप्रमाणे ॲक्सिलरेटर आधी सोडून पाहिला. पहिल्या दहा मिनिटांत मला तो क्रम सापडेना, कारण दोन्ही पाय अठरा वर्षे एकत्रच हललेले आहेत; नंतर मात्र हिसका जवळजवळ नाहीसा झाला. फेरे जुळवण्याची सोय बंद करता येते, परंतु ती पडद्यावरच्या तिसऱ्या यादीत लपलेली आहे आणि गाडी पुन्हा सुरू केली की आपोआप चालू होते. ती बंद असताना मी चारपैकी तीन वेळा फेरे नीट जुळवले आणि चौथ्यांदा गाडीने मान झटकली. शेजारी बसलेल्या विक्रेत्याने तेवढ्यात सीटबेल्ट चाचपला.

शेवटची_लॅप यांचा संशय खरा निघाला: ऑटोमॅटिकचा टॉर्क माहितीपत्रकात जास्त लिहिलेला आहे. दुसरा गिअर कुठपर्यंत जातो हे मोकळ्या रस्त्यावर पाहिले. काटा लाल रेषेच्या बराच खाली असतानाच मला पाय उचलावा लागला, आणि तिसऱ्या गिअरला कामच उरले नाही. ज्या सदस्याने स्वतःचे नाव तिसरा_गिअर ठेवले आहे, त्याला हे लागले.

ऑटोमॅटिक पॅडलवर चालवली. लाल रेषेवर ती थांबून राहते, न विचारता गिअर बदलत नाही. या विशिष्ट गाडीत, या इंजिनासह, ऑटोमॅटिकच अधिक जुळतो असे आता मला प्रामाणिकपणे वाटते. पण तसे वाटल्यावर माझ्या लक्षात आले की मला ही गाडीच नको आहे. मी आता माझदा एमएक्स-5 च्या मॅन्युअलकडे वळलो आहे: वजन टनाच्या आसपास, टर्बो नाही, आणि दोन लिटरचे इंजिन साडेसात हजार फेऱ्यांपर्यंत जाते. ती वेगात कमी पडेल हे मला मान्य आहे.

एकच शंका उरली आहे. मी पाहिलेली एमएक्स-5 वापरलेली आहे. सकाळी थंड असताना तिचा दुसरा गिअर अडखळत पडतो, गरम झाल्यावर व्यवस्थित पडतो. ही तुमच्या टेबलावरच्या कडीची सुरुवात समजावी काय?

क्लचप्लेट यांचे उत्तर

लगेच तसे समजू नका. थंड तेल दाट असते आणि कडीला ते कापायला वेळ लागतो; पहिली दहा-पंधरा मिनिटे दुसरा गिअर जड लागणे हे अनेक चांगल्या गिअरबॉक्सचे लक्षण आहे. फरक आवाजात ओळखायचा. दांडा नुसता अडत असेल तर कडी आपले काम करते आहे, फक्त सावकाश. 'कर्र' असा आवाज आला तर कडी पकडत नाही.

गाडी पूर्ण तापवा, तिसऱ्यात साधारण चार हजार फेऱ्यांवर ठेवा, आणि रेस न देता, सामान्य गतीने दुसरा टाका. असे पाच वेळा करा. विक्रेता शेजारी असेल तर त्याला आधी कल्पना द्या. पाचही वेळा आवाज न करता गिअर पडला, तर गिअरबॉक्सचे तेल बदलण्याची अट घालून गाडी घेऊन टाका. काढलेले जुने तेल मात्र फेकू देऊ नका. ते पांढऱ्या थाळीत ओतून उन्हात धरा. त्यात सोनेरी चमक किती आहे, ते मला इथे कळवा.